लॅपटॉपची खरेदी आणि महाविद्यालयांचे कर्तव्य

अभियांत्रिकीचा प्रवेश निश्चित झाला की आता घराघरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपचा. शुल्काच्या पत्रकात बहुधा या यंत्राचा उल्लेख नसतो. पण त्यावाचून हे शिक्षण नीट पुरे होईल, असे आज कोणी म्हणणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील आरेखने संगणकावर होतात आणि तेथील नोकरीची आस धरणाऱ्या विद्यार्थ्याला हा सराव हवाच. तेव्हा हा खर्च चैनीचा नव्हे, शिक्षणाचाच होय. तो लहानही नाही. मूळ किंमत ५० हजार असली, तर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ९ हजार वर पडतात. शिक्षक वा कारकुनाच्या घरी, किंवा सुरगाण्याहून मुलीला नाशकात धाडणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, ही रक्कम चार वर्षांत दुसऱ्यांदा उभी राहत नाही. निवड चुकली तर तिची शिक्षा विद्यार्थ्याला पदवीपर्यंत भोगावी लागते.

चांगले यंत्र कोणते, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणत्या कामासाठी चांगले, हे आधी ठरावयास हवे. यंत्र अभियांत्रिकीत वापरले जाणारे सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते. मॅकचे देखणे यंत्र घेणाऱ्याला ते थेट चालविता येत नाही. त्रिमिती आरेखनाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा आधार लागतो. केवळ प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने त्यावर पैसे घालण्याचे कारण नाही. १६ जीबी रॅम दोघांच्याही उपयोगाची. मात्र अनेक सडपातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते व पुढे वाढविता येत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. जुने यंत्र स्वस्त मिळते खरे. परंतु विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा यंत्रातील बचत ही बचतच नव्हे. विश्वासार्हता जाहिरातीत नसते. ती हमीच्या कागदात, शहरातील दुरुस्ती केंद्रात आणि सुटे भाग मिळण्यात असते.

एवढा विचार पालकाने एकट्याने करावा, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. कोणत्या वर्षी कोणते सॉफ्टवेअर लागणार, हे त्याला दुकानदाराकडून कळावे, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेला भूषणावह नाही. अभ्यासक्रम विद्यापीठ आखते, शिकविते महाविद्यालय. या दोघांनी प्रवेशाच्या वेळीच शाखावार व वर्षवार यादी आणि किमान क्षमता प्रसिद्ध करावी. तीत कोणत्याही कंपनीचे वा दुकानाचे नाव असू नये. अभ्यासक्रम बदलत राहतो, ही सबब पुढे केली जाईल. पण बदलत्या अभ्यासक्रमाची पुस्तके जर दरवर्षी जाहीर होतात, तर ही यादी का होऊ नये?

दुसरी गोष्ट प्रयोगशाळांची. शुल्कातून उभे राहिलेले संगणक सायंकाळी कुलपाआड राहणे योग्य नव्हे. ते रात्री आठपर्यंत खुले राहिले, तर जड कामे तेथे होतील आणि घरी साधे यंत्रही पुरेल. सायलॅब, फ्रीकॅड यांसारखी विनामूल्य साधने आहेत. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प अशा साधनांचाच प्रसार करतो, आणि तेथील स्पोकन ट्युटोरियलचे अनेक पाठ मराठीतही आहेत. प्राध्यापकांनी त्यांना वर्गात स्थान द्यावे.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा खर्च धरता येतो. ती आवश्यकता महाविद्यालयाने लेखी सांगितली, तर बँकेच्या दारात पालकाचे म्हणणे अधिक वजनदार ठरेल. संगणक हे शिक्षणाचे साधन आहे असे महाविद्यालये मानत असतील, तर ते कागदावर लिहून देण्यात त्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही.