कॅथलिक शाळा आणि मुळशीची मुले

पुण्याच्या लष्कर भागात १८६७ साली जेझुइट संघाने सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल उघडले. पुढे १९६१ मध्ये, पानशेतच्या प्रलयाने शहराची दैना उडविली त्याच वर्षी, पाषाणला लॉयोला हायस्कूल सुरू झाले. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश सरकारने येथील जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले. तरी हाती घेतलेले विद्यादानाचे काम संघाने सोडले नाही. हिंदू, मुसलमान, पारशी घराण्यांनीही आपली मुले विश्वासाने ह्या शाळांच्या स्वाधीन केली. हा लौकिक कष्टार्जित आहे.

परंतु पाषाणच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर मुळशी तालुका लागतो. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांचे नेते झाले. आज तालुक्याच्या एका टोकास हिंजवडीचे काचमहाल आहेत आणि डोंगरउतारांवर कातकरवाड्या. त्या वाडीतील मुलास नामांकित कॅथलिक शाळेचे दार उघडे असावे की नाही?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घटनेच्या ३० व्या कलमाच्या आधारे अल्पसंख्याकांच्या शाळांना ह्या कायद्यातून वगळले. मात्र १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले.

३० वे कलम आम्हांस मोलाचे वाटते. सरकारी हस्तक्षेपाचे आम्ही चाहते नाही. पण सक्तीतून मिळालेली सूट म्हणजे कर्तव्यातून मिळालेली सुटका, असा अर्थ कोणी लावू नये. जेझुइट संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधील वॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांच्या सभेत, संघाच्या शाळांनी त्यांना सामाजिक न्यायाचे शिक्षण दिले नाही, अशी स्पष्ट कबुली दिली होती. एवढे परखड आत्मपरीक्षण आमच्या सनातनी वा सुधारक शिक्षणसंस्थांतही विरळाच.

नुसती जागा देऊन मात्र भागणार नाही. आम्ही काही वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत. परक्या भाषेत प्रश्न विचारला की हुशार मूलही मान खाली घालते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून पहिली दोन वर्षे अशा मुलांना मराठीचा आधार द्यावा, पौडपासून वाहनाची सोय करावी, आणि हे सारे न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता येत्या जूनपासूनच सुरू करावे, अशी आमची संस्थाचालकांना विनंती आहे.