नाचणीचे कौतुक झाले, वाल-कुळथाचे काय?

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळले आणि नाचणीचे दिवस पालटले. बिस्किटे, लाडू, चिवडा, डोशाचे तयार पीठ अशा नाना रूपांत ती दुकानांत आली. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरउतारांवर मात्र तिचे कधी कौतुक झाले नव्हते. खाचरात भात आणि वरकस जमिनीवर नाचणी नाहीतर वरी, असा तिथला हिशेब होता. भात सणाला आणि पाहुण्याला, भाकरी रोजची.

या भाकरीच्या शेजारी ताटात आणखी काही असायचे. कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, पावट्याची आमटी, पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी. आहारशास्त्र आज ज्याला ‘अख्खा वनस्पतिजन्य आहार’ म्हणते, त्याच्या हे ताट बरेच जवळचे होते. म्हणजे धान्य, कडधान्य, भाजी, फळ शक्यतो मूळ रूपात खायचे. सडलेले, गाळलेले, तळलेले, साखर घातलेले कमी. ताट शुद्ध शाकाहारी होते असे मात्र कुणी समजू नये. सुकट, बोंबील, चढणीचे मासे आणि खेकडे त्यात होतेच.

आजही या भागातले ताट बहुतांशी वनस्पतिजन्यच आहे. पांढरा भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी, चहा-बिस्किट यांत मांसाचा कणही नाही. फरक पडतो तो इथेच. अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे यांवर भर असणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका ३४ टक्के कमी आढळला. वनस्पतिजन्यच, पण मैदा, गोड पेये आणि मिठाई यांवर भर असणाऱ्यांत तो १६ टक्के अधिक होता. नुसते ‘आम्ही मांस खात नाही’ म्हणून काही साधत नाही.

मग पांढऱ्या भाताच्या जागी नाचणीची भाकरी आली की काम झाले? इथे भारतातलाच एक मोठा अभ्यास आडवा येतो. ‘आयसीएमआर-इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीतल्या प्रौढांच्या आहाराचे विश्लेषण सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. सर्वाधिक कर्बोदके खाणाऱ्यांत नव्याने आढळलेल्या मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ३० टक्के जास्त होता. आणि कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने हा धोका घटलेला दिसला नाही. रोजच्या ऊर्जेतला कर्बोदकांचा केवळ ५ टक्के वाटा वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांना दिला तर तो घटतो, असे संशोधकांचे गणित सांगते. हे एका वेळच्या पाहणीवरून मांडलेले गणित आहे, माणसांचा आहार प्रत्यक्ष बदलून पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरी दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे नाचणी खोटी ठरली असे नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तंतू सडलेल्या तांदळाच्या जवळजवळ चौपट. पण तिच्यात प्रथिने सातच टक्के, तांदळापेक्षाही किंचित कमी. पीठ बारीक दळले की ते पचतेही लवकर, आणि गूळ घालून केलेली खीर किंवा मैद्यात मिसळलेले बिस्किट हा तर वेगळाच पदार्थ झाला. ताटाचा तोल सांभाळत होते ते भाकरीच्या शेजारचे कडधान्य. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात.

५ टक्के म्हणजे किती? २००० कॅलरींच्या आहारात १०० कॅलरी, म्हणजेच २५ ग्रॅम प्रथिने. मूठभर, साधारण ३० ग्रॅम, कोरड्या कुळथातून साडेसहा ग्रॅम मिळतात. आमटीत पळी बुडवून वर आलेल्या चार दाण्यांनी हे भागणार नाही. दोन्ही वेळा दाट उसळ किंवा पिठी हवी, वाटीभर ताक हवे आणि तेवढा भात कमी हवा. भात तसाच ठेवून वर उसळ वाढवली तर पोटच वाढेल. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात रोज २५० ग्रॅम धान्याला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांची जोड आहे. तीनास एक. कडधान्याला मोड आणले की त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळावे आणि जेवणालगतचा चहा टाळावा.

हे ताट मोडले का, याचे उत्तर केवळ चवीत नाही. मुंबईला माणसे गेली, वरकस उतरणीवर राबायला हात उरले नाहीत, माकडे आणि रानडुकरे उरलेले खाऊ लागली. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, भाताच्या २,३६९ रुपयांच्या दुपटीहून जास्त. पण पडीक उतरणीवर नुसता भाव पिकत नाही. वरी सडण्यात आणि जाते ओढण्यात बायांचे आयुष्य गेले, तेव्हा तयार तांदूळ आल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून मोफत. भूक त्याने नक्कीच भागवली. २०१३ च्या या कायद्यातल्या धान्याच्या व्याख्येत तांदूळ, गहू आणि भरडधान्य आहे. कडधान्य नाही.

काही सावधगिरी आवश्यक आहे. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. जुन्या ताटात ती उणीव सुकट भरून काढत होती. संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांनी बी-१२ पूरक घ्यावे, आणि बराच काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात एकदम कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर कडधान्य किती खायचे हेही त्यांनीच ठरवावे.

नाचणीला उतरण आणि राबणारे हात लागतात. वालाला तसे लागत नाही. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर तो येतो, वेगळे पाणीही फारसे मागत नाही. अडचण आहे ती कापणीनंतर मोकळ्या सोडल्या जाणाऱ्या गुरांची. एकट्या शेतकऱ्याने कुंपण घालणे परवडत नाही. होळीपर्यंत गुरे बांधून ठेवायची की नाही, हे ठरवावे लागते ते सगळ्या गावाने मिळून.