पोस्टमॉर्टेमच्या कागदावरचे टक्के

चाळिशीतला धडधाकट माणूस रात्री जेवून झोपतो आणि फजरच्या वेळी उठत नाही. दवाखान्यात नेले तर डॉक्टर म्हणतात, आणण्यापूर्वीच इंतकाल झाला होता. मृत्यूचे कारण ठाऊक नसल्याने पोलिसांना कळवले जाते, पंचनामा होतो आणि मय्यत पोस्टमॉर्टेमला जाते. घरच्यांचे सगळे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, मय्यत लवकर मिळावी आणि दफन वेळेत व्हावे. पुढे काही आठवड्यांनी अंतिम अहवाल हाती येतो. त्यात इंग्रजीत एक ओळ असते, तिचा अर्थ असा: हृदयाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत ८० टक्के अडथळा.

मग घरात चर्चा सुरू होते. "दोन वर्षांपूर्वी अँजिओग्राफीत ५० टक्केच सांगितले होते, म्हणजे डॉक्टर खोटे बोलले." "घरचे जेवणच तेलकट, दुसरे काय होणार!" हा दुसरा टोमणा बहुतेक वेळा इद्दतीत बसलेल्या बेवेला ऐकावा लागतो. एका आकड्यावरून माणसे एकमेकांना दोष देऊ लागतात. म्हणून हा आकडा येतो कुठून, तो कसा मोजतात आणि मागे राहिलेल्यांनी त्यातून काय घ्यायचे, हे या महिन्यात पाहू.

धमनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा पोहोचतो?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. मोठ्या माणसातही त्यांची रुंदी साधारण तीन-चार मिलिमीटर, म्हणजे शीतपेयाच्या बारीक नळीएवढी असते. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर या धमन्या काकडीच्या चकत्यांसारख्या आडव्या कापतात, दर तीन ते पाच मिलिमीटरवर एक छेद. उभी चीर दिली तर आतली वाट मोडते आणि ती किती अरुंद होती हे नीट कळत नाही.

जिथे वाट अरुंद दिसते ते तुकडे फॉर्मलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजी विभागात पाठवतात. कधी संपूर्ण हृदयही पाठवावे लागते. धमनीत चुना साचून ती कडक झाली असेल, तर आधी तो विरघळवावा लागतो. मग तुकड्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात आणि यंत्रावर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केसही या कापापेक्षा कितीतरी जाड असतो. हे काप काचेवर घेऊन रंगवतात. त्यातला एक खास रंग धमनीच्या भिंतीतले लवचिक तंतू काळे करतो, आणि आपल्या मोजणीचा पाया तोच आहे.

निरोगी धमनीत आतल्या अस्तराला लागूनच लवचिक तंतूंचा एक पातळ पडदा असतो. रंगवल्यावर तो काळ्या रेषेसारखा दिसतो. चरबीचा जो साका धरतो, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, तो या रेषेच्या आतल्या बाजूला वाढतो. त्यामुळे एकाच कापात दोन गोष्टी दिसतात. काळ्या रेषेच्या आतली सगळी जागा, म्हणजे साका नसता तर रक्ताला जी मिळाली असती ती. आणि मधली मोकळी पोकळी, म्हणजे प्रत्यक्षात उरलेली वाट.

पूर्वी, आणि आजही अनेक ठिकाणी, डॉक्टर नजरेने अंदाज करतात: पाव भाग बंद, अर्धा बंद, पाऊण बंद. अनुभवी डोळाही कधी थोडे जास्त सांगतो, कधी कमी, आणि दोन डॉक्टरांचे अंदाज जुळतीलच असे नाही. चित्रावरून मोजणी करताना सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला असतो. आधी एक बारीक मोजपट्टी कोरलेली काच ठेवून, चित्रातला एक ठिपका म्हणजे किती मायक्रॉन, हे ठरवून घेतात. मग काळी रेषा आणि पोकळीची कड आखली की संगणक दोन्हींचे क्षेत्रफळ काढतो. समजा, रेषेच्या आतली जागा ८ चौरस मिलिमीटर आहे आणि पोकळी २ चौरस मिलिमीटर. म्हणजे ६ चौरस मिलिमीटर जागा साक्याने व्यापली. आठातले सहा, म्हणजे ७५ टक्के.

मृत धमनीची अडचण

हिशेब सोपा वाटतो, पण त्यात एक मोठी मेख आहे. जिवंतपणी रक्ताच्या दाबाने धमनी फुगलेली, गोल असते. मृत्यूनंतर दाब जातो आणि ती पाणी बंद केलेल्या रबरी नळीसारखी चपटी होते. काळ्या रेषेला चुण्या पडतात आणि पोकळी फटीसारखी दिसते. अशा चपट्या धमनीतली पोकळी जशीच्या तशी मोजली, तर अडथळा नसलेल्या ठिकाणीही अडथळा दिसेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, धमनीत दाबाने फॉर्मलिन भरून ती जिवंतपणीच्या आकारात पक्की करायची आणि मगच कापायची. हे संशोधनात करतात, रोजच्या कामात क्वचितच जमते. दुसरा उपाय हिशेबाचा. चुणी पडली तरी काळ्या रेषेची लांबी फारशी बदलत नाही. म्हणून वळणावळणाने तिची लांबी मोजायची आणि तेवढ्या परिघाचे पूर्ण वर्तुळ केले असते तर किती जागा झाली असती ते काढायचे. रेषेची लांबी १० मिलिमीटर असेल, तर वर्तुळाची जागा सुमारे ८ चौरस मिलिमीटर येते. साक्याने व्यापलेली जागा यातून वजा केली की जिवंतपणी वाट किती मोकळी असावी याचा बरा अंदाज मिळतो. काप तिरका गेला, किंवा सर्वांत अरुंद जागा सोडून शेजारचा तुकडा घेतला, तरी आकडा बदलतो. म्हणून '८० टक्के' हा तराजूत तोललेल्या सोन्यासारखा आकडा समजू नये. काळजीपूर्वक केलेले ते एक मोजमाप आहे, आणि प्रत्येक मोजमापाप्रमाणे त्यालाही मर्यादा आहे.

५० आणि ८०, दोन्ही खरे कसे?

अँजिओग्राफीत औषध सोडून क्ष-किरणांवर रक्ताची वाट पाहतात आणि ती किती रुंद उरली ते मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात ते क्षेत्रफळ. या दोन्हींतला फरक स्वयंपाकघरात चटकन कळेल. आठ इंच रुंदीच्या एका पोळीच्या कणकेत तेवढ्याच जाडीच्या चार इंची पुऱ्या किती होतील? दोन नव्हे, चार. रुंदी निम्मी झाली की जागा पावपटच उरते. तसेच धमनीची रुंदी ५० टक्के कमी झाली, तर क्षेत्रफळ ७५ टक्के कमी होते. रुंदी ७० टक्के कमी झाली, तर क्षेत्रफळ ९१ टक्के. एकाच धमनीला एक कागद ५० म्हणेल आणि दुसरा ७५, आणि दोन्ही बरोबर असतील.

दुसरे कारण आणखी महत्त्वाचे आहे. १९८७ साली शिकागोचे डॉक्टर सेमूर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्टमॉर्टेममध्ये मिळालेल्या १३६ हृदयांच्या डाव्या मुख्य धमनीचे असेच काप मोजले. साका वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूने फुगत जाते, असे त्यांना आढळले. काळ्या रेषेच्या आतली सुमारे ४० टक्के जागा साक्याने व्यापेपर्यंत आतली वाट बहुधा कमी होत नाही. याचा अर्थ, धमनीच्या भिंतीत बराच साका असूनही अँजिओग्राफी 'ठीक' दिसू शकते, कारण तिला भिंत दिसत नाही, फक्त वाट दिसते. शिवाय अँजिओग्राफीत अरुंद जागेची तुलना शेजारच्या बऱ्या दिसणाऱ्या भागाशी होते, आणि तो शेजारचा भागही आतून खराब असू शकतो. मधल्या काळात आजार वाढलेलाही असू शकतो. तेव्हा दोन आकडे जुळले नाहीत एवढ्यावरून कुणाला खोटे ठरवू नये.

टक्के म्हणजे मृत्यूचे कारण नव्हे

क्षेत्रफळात ७५ टक्क्यांपेक्षा जास्त अडथळा पॅथॉलॉजिस्ट गंभीर मानतात. पण असा अडथळा घेऊन वर्षानुवर्षे जगणारी माणसे आहेत, आणि त्याहून कमी अडथळा असताना अचानक जाणारीही आहेत. बऱ्याचदा झटका येतो तो साक्यावरचे पातळ आवरण फाटून तिथे रक्ताची गुठळी झाल्याने. अशी फाटलेली आवरणे मोजली, तेव्हा ती बहुतेक ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ निघाली. अँजिओग्राफीत इतके बारीक दिसत नाही.

म्हणून अहवाल वाचताना टक्क्यांच्या पुढेही पाहा. ताजी गुठळी मिळाली का? साक्याचे आवरण फाटले होते का? हृदयाच्या स्नायूत जुन्या झटक्याचा व्रण आहे का? हृदयाचे वजन वाढलेले आहे का? वजन वाढण्यामागे अनेकदा जुना रक्तदाब असतो. स्नायू ताजा खराब झाल्याची खूण नाही, म्हणून झटका आला नव्हता असे मात्र समजू नये. झटक्यानंतर माणूस काही मिनिटांत किंवा तासाभरात गेला, तर स्नायूत तो बदल दिसायलाही वेळ मिळालेला नसतो. अहवाल देणाऱ्या किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारले, तर त्या कागदाचा अर्थ लागतो.

दफनाचे काय?

या सूक्ष्म तपासणीला दिवस, आठवडे लागतात, पण त्यासाठी मय्यत अडवून ठेवत नाहीत. पोस्टमॉर्टेम झाले की मय्यत ताब्यात मिळते, मागे राहतात ते तपासणीचे नमुने. त्यांचे पुढे काय होते, हे त्याच वेळी नम्रपणे विचारावे. केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२१ पासून, सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेमला परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर हा नियम सहसा लागू होत नाही.

पोलिसांनी कायद्याने सांगितलेल्या पोस्टमॉर्टेमला नातेवाइकांच्या संमतीची गरज नसते. केवळ वैद्यकीय अभ्यासासाठी करायचे असेल, तर संमती लागते. हृदयरोगावर आधीपासून उपचार चालू असतील आणि मृत्यू संशयास्पद नसेल, तर उपचार करणारे डॉक्टर स्वतः मृत्यूचा दाखला देऊ शकतात. म्हणून अब्बांची, चाचांची जुनी फाइल, चिठ्ठ्या आणि तपासण्या एका पिशवीत, घरातल्या दोघांना तरी ठाऊक असेल अशा जागी ठेवाव्यात.

शरीर न उघडता सीटी स्कॅनने तपासण्याची सोय दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ साली सुरू झाली. ती अनेक कुटुंबांना दिलासा देणारी आहे. मात्र साध्या स्कॅनमध्ये धमनीतला चुना दिसतो, मऊ साका आणि गुठळी दिसत नाही. त्यामुळे हृदयाच्या मृत्यूत सूक्ष्मदर्शकाचे काम अजून संपलेले नाही.

मागे राहिलेल्यांसाठी

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय होते सुमारे २२. तरीही ७७ टक्के जणांच्या कोरोनरी धमन्यांत आजाराच्या काही ना काही खुणा सापडल्या. साका तरुणपणीच धरू लागतो, हे जगाला तेव्हा कळले. म्हणजे चाळिशीत गेलेल्या माणसाच्या धमनीतला अडथळा शेवटच्या वर्षातल्या जेवणाने झालेला नसतो. त्याची सुरुवात लग्नाच्याही आधीची असू शकते. त्याचा दोष बेवेच्या माथी मारणे हा जुलूम आहे.

आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांच्या मानाने लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात आपल्याकडचे सरासरी वय ५३ आढळले, इतरत्र जवळपास ५९. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, अम्मी किंवा बहीण ६५ च्या आत हृदयरोगाने आजारी पडले किंवा गेले असतील, तर डॉक्टर त्याला घराण्यातला धोका मानतात. अशा वेळी मरहूमांचे भाऊ, बहिणी आणि मुले यांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. बहिणींना यातून वगळू नका.

काही घराण्यांत खूप वाढलेले कोलेस्टेरॉल आईवडिलांकडून मुलांत येते. एका पालकात हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही पालकांकडून आला तर आजार फार लहान वयात आणि गंभीर होतो, आणि नात्यात लग्न झालेल्या घरांत ही शक्यता वाढते. साध्या रक्ततपासणीत हे कळते आणि त्यावर औषधे आहेत. घरात तंबाखू, विडी, सिगारेट असेल, तर ती आजपासून बंद व्हावी.

आणि तो अहवाल पेटीच्या तळाशी टाकू नका. त्याची प्रत काढून मरहूमांच्या भावांना आणि मोठ्या मुलांना द्या, आणि डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना ती सोबत न्यायला सांगा.