सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर काढा

मी विज्ञान शिकवलं त्या शाळांत सूक्ष्मदर्शक बहुधा कुलपातच असायचा. भिंग फुटेल म्हणून! मुलं पेशीची आकृती मात्र घोटून पाठ करायची.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात पाहिल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. जिवंत सूक्ष्मजीव पाहिले डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने, स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून. धंदा कापडाचा, पदवी कसलीच नाही.

वर्गात पेशी पाहायच्या तर कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वर काचेची चकती तिरकी टेकवत सोडायची. बुडबुडे होत नाहीत. सुरुवात कमी क्षमतेच्या भिंगाने. मोठ्या भिंगाखाली फक्त बारीक स्क्रू फिरवायचा, नाहीतर काच तडकते. सातवीतल्या पोरांना हे सहज जमतं. मुख्याध्यापकांनो, कपाटाची चावी त्यांच्या शिक्षकांकडे द्या.