‘पोलिसी खाक्या दाखवताच…’ हे वाक्य मी आता लिहिणार नाही

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लॉ कॉलेजच्या बाकावर बसलोय. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. पहिल्याच वर्षी फौजदारी कायदा आहे. वाटलं, क्राइम बीट वीस वर्षं केलंय, आपल्याला काय नवीन शिकवणार?

परवा सरांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १२० घेतलं. कबुली काढण्यासाठी कुणाला दुखापत करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा. कलमाखाली समजावून सांगायला पहिलंच उदाहरण दिलंय, तेही गुंडाचं नाही, पोलीस अधिकाऱ्याचं! १८६० च्या दंडसंहितेतही ते असंच होतं.

मान खाली गेली. “पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली” हे मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. म्हणजे कोठडीत एक गुन्हा घडला, तो मी छापला आणि वर ‘दमदार कामगिरी’ म्हणून पाठ थोपटली!

बरं, त्या कबुलीचं मोल किती? पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून मुद्देमाल सापडला, तर तेवढाच भाग ग्राह्य. इंग्रजांनासुद्धा स्वतःच्या पोलिसांनी घेतलेल्या कबुलीवर भरवसा नव्हता. आम्हा पत्रकारांना मात्र आहे. व्हॉट्सॲपवर प्रेसनोट येते, आम्ही वरची ओळ बदलतो आणि लावतो.

काही वर्षांपूर्वी गावातल्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका पोराची बातमी मी लावली होती. ‘अट्टल दुचाकीचोर जेरबंद’, फोटोसकट. पुढे तो निर्दोष सुटला. त्याची आई निकालाची झेरॉक्स घेऊन आली. म्हणाली, “दादा, हेपण छापा ना.” मी दोन ओळी दिल्या. ऐनवेळी जाहिरात आली आणि त्या उडाल्या. मीही परत लावल्या नाहीत.

काहीजण विचारतील, आता चोरांचा पुळका आला का? अजिबात नाही. ज्याची गाडी चोरीला जाते, त्याचा संताप मला कळतो. पण मारून घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही. चुकीचा माणूस आत जातो आणि खरा चोर पुढच्या गल्लीत दुसरी गाडी उचलतो. खाक्या ही तपासाची पळवाट आहे, तपास नाही.

म्हणून तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनो, एवढंच करा. निकालाआधी ‘चोरटा’ नको, ‘आरोपी’ लिहा. कबुलीची बातमी पोलिसांनी दिली असेल तर ‘पोलिसांचे म्हणणे’ असं स्पष्ट लिहा. अटक पहिल्या पानावर लावली असेल तर सुटकाही तिथेच लावा.

आणि वाचकहो, कोठडीतला फोटो गावच्या ग्रुपवर ढकलण्याआधी एकदा विचार करा. त्या पोरालाही याच गावात राहायचंय.

त्या माऊलीकडे उद्या जाणार आहे. ती अजूनही हो म्हणाली, तर राहिलेली बातमी पहिल्या पानावर लावणार, माझ्या नावासह.