दोन दिवस रायपुरात

बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबाने सहलीच्या नादी लागू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आणि जावयाचेच झाले तर सारी शिदोरी घरूनच न्यावी, हा दुसरा. पहिल्यामुळे घर कंटाळते, दुसऱ्यामुळे गृहिणी थकते. आधी दोन दिवस तिने दशम्या, चटण्या, चिवडा करीत राहावे, गाडीत सर्वांना वाढावे, परतल्यावर डब्यांचा ढीग घासावा. आणि मग कुटुंबप्रमुखाने 'यंदा बरेच पैसे वाचले' असे समाधानाने म्हणावे! ते पैसे कोणाच्या श्रमातून वाचले, याची नोंद खर्चाच्या वहीत होत नाही. म्हणून चुलीला पूर्ण सुटी देऊनही खर्च आटोक्यात राहील, असे एक शहर या वेळी सुचवीत आहोत.

रायपूर ही २००० सालापासून छत्तीसगडची राजधानी. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे स्थानक नागपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, जलद गाडीने पाचेक तासांच्या अंतरावर आहे. विदर्भातील कुटुंबांना ते फार सोयीचे. मुंबई-पुण्याकडील वाचकांनी मात्र केवळ दोन दिवसांसाठी एवढा प्रवास करू नये. नागपूरला आप्तांकडे जाणे होईल तेव्हा हा बेत त्याला जोडावा. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांचे वास्तव्यही येथलेच. आमच्यासारख्या भाषांतराच्या धंद्यातील माणसास एवढे कारणसुद्धा येथे येण्यास पुरते.

रात्री गाडीने निघून सकाळी पोहोचल्यास एका रात्रीचे भाडे वाचते. तिकीटधारकांसाठी स्थानकावरच विश्रांतीच्या खोल्या असतात. त्या आधी राखून ठेवाव्यात.

पहिला दिवस महंत घासीदास स्मारक संग्रहालयाला द्यावा. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी ते १८७५ साली स्थापन केले; सध्याच्या इमारतीचे उद्‌घाटन १९५३ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या प्रसिद्ध ब्राँझमूर्ती येथे आहेत. पण मुलांना आवर्जून दाखवावा तो एक लाकडी खांब. १९२१ साली किरारी गावचा तलाव आटला असता गाळातून तो निघाला. त्यावर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे होती. इतकी शतके पाण्याखाली टिकलेले लाकूड उन्हात वाळताच त्याच्या ढलप्या सुटू लागल्या आणि अक्षरे नाहीशी होऊ लागली. लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाच्या स्थानिक पंडितांनी ती दिसली तशी उतरून घेतली, म्हणूनच तो लेख आज बव्हंशी वाचता येतो. नगररक्षक, भांडारी, माहूत, स्वयंपाकघराचा प्रमुख, पत्रे नेणारा अशा अधिकाऱ्यांची ती यादी आहे. राजाच्या पराक्रमाचे शिलालेख पुष्कळ असतात. मुदपाकखान्याच्या माणसाची दखल घेणारे विरळाच. या खांबापाशी अर्धा तास घालवावा. सारी दालने धावत पाहण्यापेक्षा मुलांच्या मनात हे अधिक राहील.

दुपारचे जेवण याच आवारात होते. २०१६ साली सुरू झालेल्या 'गढ कलेवा'त महिला बचतगटाच्या हातचे छत्तीसगडी पदार्थ मिळतात. चिला म्हणजे तांदळाच्या पिठाचे आपले धिरडेच. फरा हे तांदळाचे वाफवलेले लांबट उंडे. येथे घरातील बाईने शांतपणे बसून खावे आणि दुसऱ्याने वाढावे. या खर्चात काटकसर करू नये. ती करावयाचीच असेल, तर कोशाच्या साड्यांच्या दुकानात करावी. पण तिथे ती सहसा होत नाही.

उन्हे उतरल्यावर बुढा तलावाच्या काठी जावे. १८७७ साली बालवयातील नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपूरला येऊन सुमारे दोन वर्षे राहिले होते. तलावाच्या मध्यभागी त्यांचा भव्य पुतळा आहे. काठावर थोडे बसावे. पायांत बळ असेल तर तेथून जुन्या वस्तीतील दूधाधारी मठही पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी बसने राजिमला जावे. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तेथे संगम आहे. काठी राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर आणि पात्रात कुलेश्वर महादेव. सिरपूरचे विटांचे लक्ष्मणमंदिर याहून मोलाचे, हे खरे. परंतु तेथे जाण्यास स्वतंत्र वाहन करावे लागते, आणि सारा हिशेब तेवढ्याने कोलमडतो. ते पुढच्या खेपेस ठेवावे.

सोमवार टाळावा; त्या दिवशी संग्रहालय बंद असते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला मोठा मेळा भरतो, तेव्हा लहान मुलांसह जाणे कठीण. चैत्र-वैशाखातील ऊन येथे विदर्भासारखेच कडक असते. निघताना थोडी ठेठरी व खुर्मी बांधून घ्यावी, म्हणजे घरी पोहोचल्यावर त्या संध्याकाळीही लगेच चूल पेटवावी लागत नाही.