सत्कार खरेदीदाराचाही करा

मार्च आला की उद्योजिकांच्या सत्कारांना सभागृहं पुरत नाहीत. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या आसपास दलित उद्योजकांचे मेळावे भरतात. अशा कार्यक्रमांना मी आवडीने जाते. जिने हातातल्या पाटल्या गहाण टाकून पहिलं मशीन घेतलं, तिला चार लोकांसमोर मान मिळालाच पाहिजे. पण त्या व्यासपीठावर एक माणूस मला कधी दिसत नाही. तो म्हणजे तिच्याकडून माल घेणारा. कंपनीचा पर्चेस मॅनेजर, महामंडळाचा भांडार अधिकारी, निविदेच्या अटी लिहिणारा अभियंता. छोटा उद्योग उभा राहतो की बसतो, हे पुष्कळदा याच माणसाच्या सहीवर ठरतं. पुरस्कारांतला निदान एक त्याच्यासाठी राखून ठेवा, असं मी आताशा भेटेल त्या आयोजकाला सांगत असते.

गिऱ्हाईक मिळणं न मिळणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला दोन थोर माणसांच्या आयुष्यातून कळायला हवं होतं. महात्मा फुल्यांची शाळा सगळ्यांना ठाऊक आहे. ते व्यवसायाने कंत्राटदार होते, हे फारसं सांगितलं जात नाही. १८७०च्या दशकात खडकवासल्याच्या धरणाचं काम चाललं होतं, त्याला लागणारं बांधकामाचं साहित्य त्यांनी पुरवलं होतं. सरकारी काम मिळालं, त्यातून पैसा आला आणि तो चळवळीच्या कामीही आला. बाबासाहेबांच्या बाबतीत उलटं घडलं. १९१७ साली परदेशातून परतल्यावर आणि बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला असा सल्लागार त्या काळच्या मुंबईत दुसरा कुठून मिळणार? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. विद्या होती, भांडवल फारसं लागत नव्हतं. दुकान बंद पडलं ते समोरच्याने घ्यायचं नाही असं ठरवल्यामुळे.

पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. या संघटनेने नेमकी हीच नाडी पकडली आणि सरकारी खरेदीत वाटा मागितला. एप्रिल २०१२पासून केंद्राचं सार्वजनिक खरेदी धोरण लागू झालं. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभरातल्या खरेदीचा २० टक्के वाटा सूक्ष्म आणि लघुउद्योगांना द्यायचा, आणि त्या विसातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांना, असं ठरलं. २०१५पासून ते बंधनकारक झालं. २०१८च्या दुरुस्तीने एकूण वाटा २५ टक्क्यांवर गेला आणि त्यात महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के आले. निविदेचे कागद फुकट आणि बयाण्याची रक्कम माफ झाली. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी मात्र या धोरणात वेगळा वाटा नाही. भिवंडी-मालेगावच्या मागावर कापड विणणारा मुसलमान कारागीर इथे सर्वसाधारण लघुउद्योजकांच्या रांगेतच उभा राहतो. ती उणीव आहे, आणि कधीतरी तिच्यावर उघडपणे बोलावं लागेल.

या धोरणाच्या मी पूर्णपणे बाजूने आहे. म्हणूनच त्याच आदेशातली एक तरतूद मला सलते. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा अटींत आणि दरात बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढावेत, असं तिथे म्हटलं आहे. आता दोन अधिकारी डोळ्यांसमोर आणा. एक जण निविदा काढतो, वाट पाहतो आणि 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून फाईल पुढे सरकवतो. दुसरा जिल्हा उद्योग केंद्रातून यादी मागवतो. एका मोठ्या निविदेचे नियमात बसतील असे छोटे भाग करतो. पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीत लघुउद्योगांना सूट देण्याची मुभा आहे, ती तो वापरतो. नमुना नापास झाला तर मापात कुठे चूक झाली ते समोर बसवून दाखवतो. नियम दोघांनीही मोडलेला नाही. पण पहिल्याच्या कार्यालयात वर्षानुवर्षं तेच चार पुरवठादार फिरत राहतात, आणि दुसऱ्याच्या यादीत नवी नावं येतात.

गेल्या पावसाळ्यात भोसरीतल्या एका शेडमध्ये गेले होते. पॉवर प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट पडत होते. एक मुलगी त्यातला एकेक उचलून गेज लावून पाहत होती आणि क्रेटमध्ये टाकत होती. मालकीणबाई डिप्लोमा केलेल्या, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढलेल्या. आजही नव्या कंपनीतून फोन आला की पलीकडून विचारतात, "सर आहेत का?" सर, म्हणजे त्यांचे पती, बँकेत नोकरीला आहेत, शेडमध्ये ते दिवाळीच्या पूजेला येतात. हे सांगताना बाई चिडल्या नव्हत्या, सवय झाल्यासारख्या बोलत होत्या. मला मात्र राग आला.

मग त्यांनी चलनांची फाईल पुढे ठेवली. प्रत्येक चलनावर कंपनीच्या गेटचा शिक्का, त्याखाली तारीख आणि पेन्सिलने लिहिलेला एक आकडा : ९५, ११०, १०२. पैसे यायला लागलेले दिवस. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघुउद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारचं 'समाधान' पोर्टल आहे. एप्रिल २०२४पासून मुदतीत न चुकवलेल्या अशा बिलाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरातही मिळत नाही. बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. मग तक्रार का करत नाही, असं विचारलं. "ताई, केस टाकली तर मागचे पैसे मिळतील, पण पुढच्या महिन्याचं शेड्यूल येणार नाही. व्हेंडर कोडच बंद करतील." पत्रा रोखीने घ्यावा लागतो, पगार सात तारखेला होतात, जीएसटीही पुढच्या महिन्यात भरावा लागतो. मधल्या दिवसांचं व्याज बाई भरतात. थोडक्यात, शंभर कोटींच्या कंपनीला भोसरीतली एक शेड बिनव्याजी कर्ज देते. त्याच कंपनीने एखाद्या वर्षी बाईंना 'उत्कृष्ट महिला पुरवठादार' म्हणून ट्रॉफी दिली, तर बाई ती घेतील, शेडमध्ये लावतीलही. पण फाईलवरचा पेन्सिलीचा आकडा ४५ झाला, तर त्यांना आणखी एक प्रेस घेता येईल.

दुसरी बाजूही बोलायला हवी. मान आणि वाटा मिळू लागला की नावाची चोरी सुरू होते. अंगणवाड्यांतल्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांकडून काम करून घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४मध्ये दिला होता. पुढे महाराष्ट्रात काय झालं, ते न्यायालयाच्याच आयुक्तांनी २०१२मध्ये मांडलं : महिला संस्थांच्या पाटीआड खासगी कंत्राटदार बसले होते. नंतर २०१६मध्ये राज्याने घरपोच आहारासाठी निविदा काढली, तेव्हा अंगणवाडी प्रकल्पांचे असे मोठे गट पाडले आणि अशा अटी घातल्या की गावातला बचत गट अर्जापर्यंत पोचूच नये. वैष्णोराणी महिला बचत गटाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. फेब्रुवारी २०१९मध्ये ती निविदा रद्द झाली आणि प्रक्रिया नव्याने राबवण्याचा आदेश निघाला. बचत गटातल्या बायकांनी राज्य सरकारशी दिल्लीपर्यंत झुंजावं, ही केवढी गोष्ट! आपल्या सत्कारांच्या मोसमात तिचा उल्लेखही मी ऐकलेला नाही.

डावललेल्यांकडून माल घेण्याच्या या विषयाला अमेरिकेत अर्धशतकाचा इतिहास आहे. अल्पसंख्याक उद्योगांची राष्ट्रीय परिषद तिथे १९७२मध्ये स्थापन झाली. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के मालकी अल्पसंख्याक माणसाची आणि रोजचा कारभारही त्याच्याच हाती, ही तिची कसोटी आपल्याकडच्या पाटीचोरांनाही लावण्यासारखी आहे. त्या इतिहासातला माझा आवडता माणूस मात्र उद्योजक नाही. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन. १९७०च्या दशकात शहराच्या विमानतळाचं प्रचंड काम निघालं, तेव्हा त्यांनी सांगितलं की कंत्राटांतला पाव हिस्सा अल्पसंख्याक कंपन्यांना मिळाल्याशिवाय काम पुढे जाणार नाही. शहरातले बडे व्यावसायिक खवळले. जॅक्सन हलले नाहीत. ते टर्मिनल १९८०मध्ये सुरू झालं आणि त्या कामातून अनेक कृष्णवर्णीय कंत्राटदार उभे राहिले. खरेदीदार ठाम राहिला म्हणून हे घडलं.

असा ठामपणा आपल्याकडेही आहे, याबद्दल मला शंका नाही. कुठल्या तरी जिल्हा परिषदेत एखादी लेखाधिकारी बचत गटाचं बिल टेबलावर पडू देत नसेल. चाकणच्या एखाद्या कंपनीत पर्चेसचा तरुण वरिष्ठांशी भांडून नव्या बाईंना पहिली ट्रायल ऑर्डर देत असेल. त्यांना पुरस्कारासाठी अर्ज करायचं सुचणारही नाही, कारण तशी वर्गवारीच आपण काढलेली नाही. तुम्ही छोटा उद्योग चालवत असाल आणि असं कुणी तुम्हाला भेटलं असेल, तर मला कळवा. किती दिवसांत पैसे दिले, तेवढं आवर्जून लिहा. पुढचे काही आठवडे हे सदर मला त्या माणसांसाठी वापरायचं आहे.